रेषेचा ठिपका कधी करायचा? जुन्या संगणकावरचं ड्रॉइंग छापील पानात आणताना

मागच्या उन्हाळ्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपचा तरुण मालक माझ्याकडे आला. यंत्रमागाचे सुटे भाग आधी त्याचे वडील बनवायचे, आता तो बनवतो. पिशवीत एक माहितीपुस्तिका होती, १९९३ साली छापलेली, आणि रबर लावून बांधलेल्या चार फ्लॉप्या. "काका, पुस्तिका संपली. परत छापायची आहे. झेरॉक्स काढून बघितली, पण चाकाचे दातेच दिसत नाहीत वो," तो म्हणाला.

सोलापुरात मी बरीच वर्षं डीटीपीचं काम केलं. त्या काळातलं एक ४८६ मशीन मी अजून चालू ठेवलं आहे. त्यावर डॉस आहे, ड्रॉइंग काढायच्या ऑटोकॅडची रिलीज १२ आहे आणि पुस्तकाची पानं लावायचं व्हेंचुरा पब्लिशर आहे. या पुस्तिकेची पानं व्हेंचुरातच लावलेली होती आणि आकृत्या ऑटोकॅडमधल्या होत्या, म्हणून काम त्याच मशीनवर करायचं ठरवलं. आपल्याकडच्या कितीतरी कारखान्यांच्या कपाटांत अशा फ्लॉप्या पडून असतील. त्यातली ड्रॉइंग्ज अजून उपयोगाची आहेत, कारण माग अजून चालू आहेत. ती छापील पानात नीट कशी आणायची आणि वाटेत काय बिघडतं, ते इथे सांगतो.

आधी चादरीकडे बघू. सोलापुरी चादरीवरचा मोर जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणायचा असेल तर डिझाइन करणारा तो चौकटीच्या कागदावर मांडतो. प्रत्येक चौकट म्हणजे एक उभा धागा आणि एक आडवा धागा यांची भेट. चौकट भरली तर ताणा, म्हणजे उभा धागा, वर, रिकामी ठेवली तर खाली. मोराची मान लांबून गोल दिसते, जवळ गेलं की पायऱ्या दिसतात. त्या कागदावर रेषा अशी कुठेच नसते, फक्त भरलेल्या आणि रिकाम्या चौकटी असतात.

फ्लॉपीतलं चाकाचं ड्रॉइंग याच्या अगदी उलट असतं. त्यात एकही ठिपका नसतो. त्यात लिहिलेलं असतं की केंद्र इथे आहे, त्रिज्या इतकी आहे, या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत सरळ रेघ आहे. हे शब्दांत सांगितलेलं चित्र आहे. पोस्टाच्या तिकिटाएवढं काढा नाहीतर भिंतीएवढं, वर्तुळ वर्तुळच राहतं.

कागदावर शाई मात्र बहुतेक वेळा ठिपक्यांनीच उमटते. डॉट मॅट्रिक्स असो, लेझर असो किंवा ऑफसेटची प्लेट बनवणारं मशीन असो, शेवटी ठिपकेच. खरोखर पेन ओढून रेघ मारतो तो फक्त पेन प्लॉटर. म्हणजे फ्लॉपी ते पान या वाटेवर कुठेतरी रेषेचे ठिपके करावेच लागतात. ते कुठे करायचे, हाच या कामातला मुख्य निर्णय. माझा अनुभव ठाम आहे. हा बदल जितका शेवटी, प्रिंटरच्या जितका जवळ होईल तितकी आकृती स्वच्छ येते. एकदा ठिपके झाले की त्यांची परत रेषा करणं म्हणजे विणलेली चादर उसवून तिच्यातून डिझाइनचा कागद काढण्यासारखं आहे.

आता फ्लॉपीत काय काय सापडतं ते पाहू. ऑटोकॅड १९८२ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आलं आणि त्याच्याबरोबरच डीएक्सएफ हा फाईलचा प्रकार आला. ड्रॉइंग एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेता यावं यासाठी तो केलेला आहे. ही साधी मजकुराची फाईल असते, कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. ओळी जोडीजोडीने येतात, वरच्या ओळीत एक अंक आणि खालच्या ओळीत त्याची किंमत. शून्याखाली 'सर्कल' लिहिलेलं असेल तर पुढे वर्तुळ आहे. मग ८ खाली लेयरचं नाव, १० खाली केंद्राचं आडवं माप, २० खाली उभं माप, ४० खाली त्रिज्या. पाच मिनिटांत कुणालाही वाचता येईल इतकं सरळ.

पण त्या फाईलमध्ये काय नसतं ते जास्त महत्त्वाचं आहे. रिलीज १२ च्या डीएक्सएफमध्ये माप मिलिमीटरचं की इंचाचं हे सांगितलेलं नसतं. त्रिज्या ५० म्हणजे ५० काय, हे ड्रॉइंग करणाऱ्यालाच माहीत. रेघेची जाडीही सहसा नसते, फक्त रंगाचा नंबर असतो. अक्षरांचे आकार नसतात, फक्त मजकूर आणि फॉन्टचं नाव असतं. या तीनही गोष्टी पुढे नडतात.

दुसरा प्रकार एचपीजीएल, म्हणजे ह्यूलेट-पॅकार्डच्या प्लॉटरची भाषा. ऑटोकॅडमध्ये प्लॉटरवर ड्रॉइंग काढायच्या ऐवजी ते फाईलमध्ये काढता येतं, आणि त्या फाईलमध्ये प्लॉटरला द्यायच्या आज्ञा जशाच्या तशा उतरतात. एसपी आणि १ म्हणजे पहिलं पेन उचल. पीयू म्हणजे पेन वर, पीडी म्हणजे पेन खाली. पुढे अंक येतात ते कुठे जायचं याचे. एक मिलिमीटरचे ४० भाग, म्हणजे १० मिलिमीटरची आडवी रेघ मारायची तर पेन खाली ठेवून ४०० पर्यंत जायचं. इथे माप पक्कं आहे, इंच की मिलिमीटर हा प्रश्नच उरत नाही. एक काळजी मात्र घ्यावी. इंचाचे भाग १०१६ होतात. एखाद्या कन्व्हर्टरने, म्हणजे फाईलचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रॅमने, ते गोल करून १००० धरले, तर १०० मिलिमीटरची रेघ १०१.६ मिलिमीटर होते. डोळ्यांना कळत नाही, फिटरला कळतं.

तिसरा प्रकार ऑटोकॅडची स्लाइड. याच्यापासून लांब राहा. व्हेंचुरा ही फाईल आनंदाने घेतं, म्हणून त्या काळी पुष्कळांनी हाच सोपा रस्ता धरला. स्लाइड म्हणजे स्क्रीनवर जे दिसत होतं त्याची नोंद. तिच्यात रेषा असतात, पण त्यांची मापं स्क्रीनच्या ठिपक्यांत मोजलेली असतात. ६४० गुणिले ४८० च्या स्क्रीनवर काढलेली स्लाइड छापली की चाकाच्या दात्यांना पायऱ्या पडतात. माझ्याकडे आलेल्या पुस्तिकेतल्या दोन आकृत्या अशाच होत्या. झेरॉक्सवर दाते न दिसण्याचं अर्धं कारण तेच होतं. ते दाते १९९३ सालीच नीट छापलेले नव्हते.

आता डॉट मॅट्रिक्सकडे येतो. लेझर प्रिंटर महाग होता तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक ऑफिसांत ९ पिनांचा प्रिंटरच असायचा. चित्र काढताना त्याच्या ८ पिना वापरल्या जातात. एक बाइट म्हणजे एक उभा स्तंभ आणि बाइटमधला प्रत्येक बिट म्हणजे एक पिन. पिना एकमेकींपासून एका इंचाच्या ७२ व्या भागावर असतात. आडवे ठिपके मात्र इंचाला ६०, १२० किंवा २४०, कुठली आज्ञा दिली त्यावर ठरतं.

समजा १०० ठिपके रुंद आणि १०० ठिपके उंच असं वर्तुळ तयार केलं आणि ६० च्या मोडमध्ये छापलं. रुंदी झाली १०० भागिले ६०, म्हणजे १.६७ इंच. उंची १०० भागिले ७२, म्हणजे १.३९ इंच. चाक वरून चेपून आडवं पसरल्यासारखं दिसणार. इथे मला नेहमी आपल्या डिझाइनवाल्यांची आठवण येते. कापडात इंचाला ताण्याचे धागे जितके तितकेच बाण्याचे, म्हणजे आडवे, नसतात, म्हणून ते साध्या चौरस कागदावर डिझाइन करत नाहीत. ज्या प्रमाणात धागे, त्या प्रमाणात आडव्या-उभ्या रेघा असलेला कागद घेतात. कागदावर मोर थोडा ताणलेला दिसतो, कापडावर बरोबर उतरतो. प्रिंटरचंही तेच गणित आहे. १०० ठिपके उंच चाकाला ६० च्या मोडमध्ये ८३ ठिपक्यांची रुंदी द्यायची, मग ते कागदावर गोल येतं. ज्याने जेकार्डचा कागद भरलेला आहे त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. त्या तरुणाला मी एवढंच म्हणालो, "हा प्रिंटर म्हणजे ७२ बाण्याचा आणि ६० ताण्याचा माग समज." लगेच त्याच्या लक्षात आलं.

याच प्रिंटरवर आणखी एक बिघाड दिसतो. चित्रभर आडव्या पांढऱ्या पट्ट्या येतात. लोक रिबन बदलतात, हेड साफ करतात. खरं कारण ओळीतलं अंतर असतं. नेहमीच्या मजकुरासाठी प्रिंटर इंचाचा सहावा भाग खाली सरकतो, म्हणजे ७२ पैकी १२ भाग. चित्राची पट्टी मात्र फक्त ८ भाग उंच असते. उरलेले ४ भाग कोरे राहतात. चित्र सुरू होण्याआधी ओळीतलं अंतर ८ भागांवर आणणारी आज्ञा गेली की पट्ट्या जातात.

पुस्तिकेसाठी अर्थात लेझर हवा. बटर पेपरवर लेझर प्रिंट काढायची आणि त्यावरून ऑफसेटची प्लेट करायची, ही आपल्याकडची जुनी पद्धत अजूनही चांगली चालते. लेझरच्या जगात मोठा बदल घडवला तो पोस्टस्क्रिप्टने. जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये अ‍ॅडोबी कंपनी काढली, १९८४ मध्ये ही भाषा बाहेर आली आणि १९८५ च्या अ‍ॅपलच्या लेझररायटर प्रिंटरमध्ये ती बसवलेली होती. पोस्टस्क्रिप्टमध्ये संगणक प्रिंटरकडे ठिपके पाठवतच नाही. तो रेषा आणि वक्रांचं वर्णन पाठवतो, आणि ठिपके करायचं काम प्रिंटर स्वतः आपल्या ताकदीनुसार करतो. इंचाला ३०० ठिपक्यांच्या प्रिंटरवर ३०० च्या हिशोबाने, २५४० च्या इमेजसेटरवर, म्हणजे छापखान्यासाठी फिल्म काढणाऱ्या मशीनवर, २५४० च्या हिशोबाने. फाईल तीच.

यासाठी प्रिंटरला स्वतःची मेमरी लागते. ए-फोर पानावर इंचाला ३०० ठिपके धरले तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे जवळजवळ ८७ लाख ठिपके होतात. एका बाइटमध्ये आठ बसवले तरी एक मेगाबाइटच्या थोडं वर जातं. लेझररायटरमध्ये दीड मेगाबाइट मेमरी होती, म्हणून अख्खं पान मावायचं. १९८७ च्या लेझरजेट सिरीज टूमध्ये मुळात ५१२ किलोबाइट असायची, म्हणून पानभर चित्र ३०० मध्ये निघायचंच नाही. जास्तीची मेमरी टाका, नाहीतर १५० वर उतरा, असं करावं लागायचं.

पानात बसवण्यासाठी पोस्टस्क्रिप्टचा जो प्रकार वापरतात तो ईपीएस. एकच आकृती, आणि वरच्या ओळींत 'बाउंडिंग बॉक्स' नावाचे चार अंक. खालचा डावा कोपरा आणि वरचा उजवा कोपरा, इंचाचे ७२ भाग धरून. पान लावणारा प्रोग्रॅम आकृती वाचतच नाही, फक्त हे चार अंक वाचतो आणि तेवढी जागा सोडतो. त्यामुळे हे अंक चुकले की सगळंच चुकतं. पुष्कळ कन्व्हर्टर अख्ख्या ए-फोरचे अंक टाकतात, शून्य शून्य ५९५ ८४२. मग व्हेंचुरात चौकटीच्या एका कोपऱ्यात तिकिटाएवढं चाक आणि बाकी सगळी कोरी जागा. एडिटरमध्ये फाईल उघडून ते चार अंक हाताने दुरुस्त केले की झालं. खरे अंक कुठून आणायचे? घोस्टस्क्रिप्ट या पोस्टस्क्रिप्ट वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'बीबॉक्स' नावाचं एक खोटं प्रिंटर-यंत्र आहे, ते आकृती चालवून नेमकी हद्द मोजून देतं. टेक् हा पानं लावायचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की टेक्‌चा पॉइंट इंचाचा ७२.२७ वा भाग असतो आणि पोस्टस्क्रिप्टचा ७२ वा. दोन्ही एकच धरले तर १०० मिलिमीटरला जवळजवळ ०.४ मिलिमीटरचा फरक पडतो.

ईपीएस स्क्रीनवर दिसत नाही आणि नुसती रिकामी चौकट दिसते, म्हणून लोक घाबरतात. फाईलमध्ये छोटं टिफ, म्हणजे ठिपक्यांचं, चित्र जोडलेलं असेल तरच स्क्रीनवर काही दिसतं. पोस्टस्क्रिप्ट नसलेल्या प्रिंटरवर पाठवलं तर मात्र तेच भरड चित्र छापलं जातं. त्यामुळे आधी प्रिंटर बघा.

सगळ्यात जास्त वेळ माझा रेघांच्या जाडीत गेला. प्लॉटरच्या काळी जाडी फाईलमध्ये नसायची, ती हातातल्या पेनात असायची. लाल रंग म्हणजे १ नंबरचं पेन, त्यात ०.३५ ची निब, पिवळा म्हणजे २ नंबर, त्यात ०.७. हे कोष्टक प्लॉटरशेजारी भिंतीवर चिकटवलेलं असायचं. प्लॉटर गेला, भिंत रंगवली, कोष्टकही गेलं. फाईलला फक्त '१ नंबरचं पेन' एवढंच माहीत. कन्व्हर्टरला तुम्ही जाडी सांगितली नाही तर बरेच कन्व्हर्टर शून्य जाडी लिहून मोकळे होतात. पोस्टस्क्रिप्टमध्ये शून्य जाडी म्हणजे 'तुला जमेल तितकी बारीक रेघ'. ३०० च्या लेझरवर ती ०.०८५ मिलिमीटर येते, चालून जाते. तीच फाईल २५४० च्या मशीनवर गेली की रेघ ०.०१ मिलिमीटर होते आणि प्लेटवर उतरतच नाही. घरच्या प्रिंटरवर सुंदर आलेली आकृती छापखान्यातून कोरी का येते, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

म्हणून प्रत्येक पेनाला जाडी द्यायचीच. ०.३५ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ एक पॉइंट, ०.७ म्हणजे दोन. आणि लहान करण्याचा हिशोब आधीच करायचा. ए-थ्री ड्रॉइंग ए-फाइव्ह पुस्तिकेत बसवलं की प्रत्येक लांबी अर्धी होते. ०.३५ ची रेघ ०.१७५ वर येते, म्हणजे लेझरचे दोन ठिपके. तिथपर्यंत ठीक. अडीच मिलिमीटरचं अक्षर सव्वा मिलिमीटरचं होतं. रोमन अक्षर तेवढ्यावर कसंबसं वाचता येतं, मराठी येत नाही. अनुस्वार रेघेत मिसळतो, वेलांटी बुजते, 'दांडा' आणि 'दाडा' सारखेच दिसू लागतात. जोडणी करणाऱ्या कामगाराच्या हातात हा कागद जायचा आहे, त्याला नाव वाचता आलंच पाहिजे. मी सगळ्या आकृत्यांतली नावं ऑटोकॅडमध्येच पाच मिलिमीटरवर नेली, मग प्लॉट केलं.

नावांचा आणखी एक प्रश्न होता. युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असायचे. फॉन्ट असेल तर 'फणी', 'धोटा', 'कांडी' दिसतं, नसेल तर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. डीएक्सएफमध्ये फक्त ती रांग असते, म्हणून डीएक्सएफ आजच्या प्रोग्रॅममध्ये उघडलं की आकृती बरोबर आणि नावं मात्र सगळी गेलेली. एचपीजीएलमध्ये असं होत नाही, कारण ऑटोकॅड स्वतःची अक्षरं प्लॉटरकडे रेघा म्हणूनच पाठवतं. 'धोटा' हा शब्द पेन वर, पेन खाली असाच उतरलेला असतो. तो शब्द परत दुरुस्त करता येत नाही, पण हरवतही नाही. जुन्या मशीनवर फॉन्ट अजून चालत असेल तर आजच सगळ्या ड्रॉइंग्जच्या प्लॉट फाईली काढून ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगतो. मशीन बंद पडल्यावर ही संधी परत मिळत नाही.

गोल आकारांबद्दल थोडंसं. काही कन्व्हर्टर वर्तुळाचे सरळ तुकडे करतात. ५० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे ३६ तुकडे केले तर प्रत्येक तुकडा खऱ्या गोलाईपासून मध्यभागी ०.१९ मिलिमीटर आत राहतो. हे लेझरचे दोनहून जास्त ठिपके होतात आणि कोपरे नजरेला टोचतात. १२० तुकडे केले की हा फरक ०.०१७ वर येतो, एका ठिपक्याहून कितीतरी कमी. तेवढे पुरे. हजार तुकडे करून फाईल फुगवण्यात काही अर्थ नाही.

माझा रस्ता शेवटी असा ठरला. ऑटोकॅडमधून एचपीजीएल फाईल काढली. 'एचपी-टू-एक्सएक्स' नावाच्या छोट्या मोफत प्रोग्रॅमने, पेनांच्या जाड्या सांगून, तिचं ईपीएस केलं. हद्द तपासली आणि व्हेंचुरात आकृती बसवली. रिलीज १२ मध्ये 'पीएसआउट' ही आज्ञा आहे, ती थेट ईपीएस देते. साध्या आकृत्यांना मीही तीच वापरली. व्हेंचुरा पानात आकृती साठवत नाही, तिचा पत्ता तेवढा साठवतं. फोल्डर बदललं की आकृत्या गायब होतात. सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवलं तर हा त्रास होत नाही.

प्रिंटरकडे फाईल पाठवताना डॉसच्या 'कॉपी' आज्ञेपुढे तिरकी रेघ आणि बी लावायला विसरू नका. त्याशिवाय डॉस फाईलला साधा मजकूर समजतं, आणि २६ क्रमांकाचं अक्षर आलं की फाईल संपली असं धरून थांबतं. मजकुराच्या पोस्टस्क्रिप्टमध्ये ते अक्षर सहसा नसतं. टिफ जोडलेल्या ईपीएसमध्ये किंवा डॉट मॅट्रिक्सच्या चित्रात मात्र ते कुठेही येऊ शकतं. अनेक वर्षांपूर्वी एका आकृतीचा वरचा तिसरा भागच सारखा छापला जात होता आणि मी रात्रभर केबल बदलत बसलो होतो. चूक केबलची नव्हती, त्या एका अक्षराची होती.

ज्यांच्याकडे जुनं मशीन नाही त्यांनी फ्लॉपीचा आकार आधी बघावा. साडेतीन इंची फ्लॉपी यूएसबीच्या ड्राइव्हमध्ये वाचता येते. सव्वापाच इंचीसाठी मात्र जुना ड्राइव्ह शोधावा लागतो. फाईली बाहेर आल्या की डीएक्सएफ आणि ईपीएस आजच्या इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्येही उघडतात आणि तिथून पीडीएफ होतं.

बटर पेपर काढण्याआधी मी प्रत्येक आकृतीच्या कोपऱ्यात एक रेघ मारतो, दोन्ही टोकांना छोट्या खुणा देऊन, छापील पानावर बरोबर ५० मिलिमीटर यावी अशी. एक आडवी, एक उभी. त्या तरुणाने वर्कशॉपमधून स्टीलची पट्टी आणली होती. पहिल्या प्रिंटवर आडवी ५० आली, उभी ४९.५ च्या जवळ. बटर पेपर लेझरच्या उष्णतेने एका दिशेला किंचित आकसतो. व्हेंचुरात चौकट तेवढी उंच केली आणि परत काढली. मग त्याने चाकाच्या आकृतीवर बोट ठेवून दाते मोजले, चोवीस, आणि कागद घेऊन छापखान्यात गेला.